पाण्याचं दूध

हातातला चहा आधी खाली ठेवा, ठसका लागला तर मी जबाबदार नाही! अहो, मुलगी पाहायला गेलो आणि भेसळवाला ठरलो. ऐकलंय कधी?

तेव्हा मी रोह्याला औषधांच्या कंपनीत होतो. काही औषधं भलती अडेलतट्टू, पाण्यात विरघळतच नाहीत. गिळली तरी अंगाला न लागता तशीच बाहेर! म्हणून आम्ही ती पाण्यात मिसळेल अशा खास तयार केलेल्या तेलात विरघळवायचो. पाण्याशी गाठ पडली की त्या तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि औषध चटकन अंगात मुरतं. मला त्याचा कोण अभिमान!

स्थळ पेणचं. मुलीचे वडील आप्पा, दुधाचे व्यापारी. माझ्याबरोबर मामा. नंदा पोहे घेऊन आली आणि मी तिथेच गारद! काहीही करून हे लग्न जमायलाच हवं होतं. मग छाप नको पाडायला?

“कंपनीत काय करता?” आप्पांनी विचारलं.

“दाखवतोच!” मी खिशातून नमुन्याची बाटली काढली. औषध न घातलेलं नुसतं तेल हो! पेलाभर पाण्यात सगळं ओतलं, चमचा फिरवला. पाणी पांढरंशुभ्र!

आप्पा ताडकन उठले. “पाण्याचं दूध करतो? माझ्याच घरात? भेसळवाला हाय ह्यो!”

“नाही हो, हे अंगात मुरायला...”

“मुरतंय ना! आल्यापासून वाटतच व्हतं मला, कुठंतरी पाणी मुरतंय!”

मामांनी कपाळावर हात मारला. नंदा हातची जाणार! मी ओरडलो, “दूध नाही, पोटात घ्यायचं तेल आहे. हे बघा!” आणि पेला घटाघटा रिकामा केला.

आप्पा विरघळले. “सोताच प्याला म्हंजे खोटा नाय. आता जेवूनच जायचं.”

आणि तिथेच फसलो. छाप पाडायच्या नादात एक विसरलो होतो. बाटलीतलं तेल म्हणजे एरंडेल! तेसुद्धा आमच्या कृपेनं झटपट लागू पडणारं!

दुपारी पान वाढलं, पहिला घास घेतला आणि पोटात ढोल वाजला. उठलो तो थेट परसदारी. आलो, बसलो, पुन्हा पळालो. किती वेळा? ते विचारू नका!

आप्पा मात्र खूश. “काय लागू पडतंय हो पाव्हण्याचं औषध! आपल्याला पोरगा पसंत! नंदे, तुला कसा वाटला गो?”

मी दारातच थबकलो. जीव कानात.

“तोंड तर बघू द्या, आप्पा! मघापासून नुसती पाठच बघतेय!”