दत्तारामचं शिळं पाणी

दत्ताराम गेला त्याच्या आदल्या दिवशी मी इस्पितळात त्याच्या खाटेपाशी बसलो होतो. छातीत पाणी झालं होतं, दोनदा काढलं तरी पुन्हा साचत होतं. तोंड उघडं टाकून तो श्वास ओढत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मासा पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायला लागला की काय समजायचं, हे त्यानंच मला शिकवलं होतं. मराठी राज्य मिळणार हे तोवर नक्की झालं होतं, वॉर्डात सगळीकडे तेच बोलणं. मी म्हटलं, "दत्त्या, राज्याच्या रोषणाईचे दिवे लागतील त्या दिवशी तुला गॅलरीत खुर्ची टाकून बसवतो बघ." तो हसला नाही. म्हणाला, "माठ भरलेला आहे का, तेवढं घरी बघ." दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीला बसलो होतो, तर खालून कुणीतरी माझ्या नावानं हाक मारली. एकदाच. मयताची खबर सांगणारा एकदाच हाक मारतो. दुसरी हाक आली नाही, आणि मी काय ते समजलो. दिवे लागून आता महिना होत आला. लोक अजून पेढ्यांच्या गोष्टी करतात. मला त्या माठाचंच सुचतं.

आम्ही दोघे एकाच गावचे, लालबागला शेजारशेजारच्या चाळींत वाढलेले. तो गिरणीत साच्यावर कापड विणायला लागला, मी सरकारी कचेरीत कारकून झालो. दत्तारामनं लोखंडी पट्ट्या आणि काचा जमवून, सांध्यांना लांबीचा लगदा भरून, स्वतःच्या हातानं माशांची टाकी केली. कोकणातला माणूस आणि मासे पाळतो! चाळीला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. "दत्ताराम, कालवण कधी रे?" येता-जाता लोक विचारायचे. मासे म्हणजे तरी काय, बोटाच्या पेरापेक्षा लहान गप्पी. डासांची अंडी खावीत म्हणून भोईवाड्याच्या बाजूच्या एका विहिरीत सोडलेले, ते यानं पंचा बुडवून धरून आणलेले. पण त्यांची बडदास्त बघावी! टाकीचं पाणी कधी सगळं बदलायचं नाही. तिसरा हिस्सा काढायचा आणि तेवढंच शिळं पाणी घालायचं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते दिवसभर उडू द्यायचं, म्हणून खिडकीत कायम एक माठ, तोंडाला पातळ फडकं बांधलेला. पिल्लं झाली की आईच त्यांना खाते, म्हणून ती लगेच वेगळी काढायची. "जन्मलं की पहिलं पळायचं, ही यांची रीत," तो म्हणायचा. मला ते ऐकून कसंतरीच व्हायचं. त्याला एकेक नर वेगळा ओळखू यायचा. मला सगळे सारखेच. "आंधळा आहेस सद्या," तो म्हणायचा. "एकाची शेपटी दुसऱ्यासारखी नसते. नीट बघ."

मग त्या राज्यासाठीच्या लढ्याचे दिवस आले. गिरणगावात कुणी घरात बसेना. सत्याग्रहाच्या याद्या व्हायला लागल्या आणि दत्तारामचं नाव अगदी वर होतं. माझं नव्हतं. खरं सांगतो, मी भ्यालो. नोकरी गेली तर आईला काय घालू, हे मी चारचौघांत मोठ्यानं बोलायचो, पण आत नुसती भीती होती. नाक्यावरची पोरं माझ्याकडे बघून खाकरायची. एका संध्याकाळी दत्ताराम सगळ्यांदेखत माझ्या दारात आला आणि म्हणाला, "सद्या, तू येऊ नकोस. बायको बाळंतपणाला गावी गेलीय, माझे मासे कोण सांभाळणार? तुझ्याशिवाय विश्वास नाही माझा कुणावर." सगळे हसले, पण त्या दिवसापासून माझ्याकडे बघून कुणी खाकरलं नाही. टाकी आमच्या खोलीत आली, माठही आला, आणि दत्ताराम तुरुंगात गेला. माझी अब्रू राखायला त्यानं ती टाकी माझ्या घरी ठेवली होती. हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढे गोळीबार झाला. गॅलरीत उभं राहिलं की जळक्या टायरचा वास यायचा आणि रस्ता ओस. आमच्या समोरच्या खोलीतला मधू दूध आणायला म्हणून उतरला तो चार माणसांच्या खांद्यावरच परत आला. मढं आमच्याच दारासमोर ठेवलं होतं. मजल्यावर एकही चूल पेटली नाही. मी स्मशानात गेलो. संचारबंदीच्या त्या दिवसांत मी घराबाहेर पाऊल टाकलं ते तेवढंच. परत येऊन अंघोळ केली आणि आत बघतो तर हंडे, कळशा, सगळं घासून नव्यानं भरलेलं. माठ पालथा. आणि टाकीतलं पाणी लख्ख, आरपार दिसणारं.

"आई, टाकीतलं पाणी?"

"ओतलंय. मड्याक शिवलेला पाणी घरात कोण ठेवता?" आई म्हणाली. "तुझे मासे टाकूक नाय हां. टोपात काढून ठेवलेले. आता बघ कसा निर्मळ पाणी घातलंय त्यांका."

बिचारीनं किती मायेनं केलं होतं ते! गप्पी वर आले होते. चौदाच्या चौदा, काचेच्या कडेला तोंडं लावून आ वासत होते. शिळं पाणी चाळीत कुठे मिळणार? प्रत्येक घरानं आपापलं ओतून टाकलेलं. दिवेलागणीला शेवटचा मासा उलटा झाला.

संचारबंदी उठली त्या पहिल्याच सकाळी मी पंचा घेऊन त्या विहिरीवर गेलो. मोजून चौदा आणले. दत्ताराम सुटून आला तो वाळून आलेला, छातीत खोकला घेऊन. आल्या आल्या टाकीपुढे उकिडवा बसला. किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. मागे उभा राहून मीही बघत होतो, आणि त्या वेळी मला पहिल्यांदा शेपट्या दिसल्या. एकाची दुसऱ्यासारखी नव्हती.

"पाणी बदललंस का रे?"

"थोडं," मी म्हटलं.

"हं..." मग बाहेर बघून म्हणाला, "मधू गेला म्हणे." एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. चार वर्षं मी सांगीन सांगीन म्हणत होतो. आज सांगू म्हणून जावं, तर त्याला खोकल्याची उबळ यायची, मग राहूनच जायचं. मेल्या, एकदा शिवी तरी द्यायची होतीस!

त्याला घरी आणलं त्या सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका हंडे उचलायला लागल्या. एकीनं खिडकीतल्या माठाला हात घातला, तशी वहिनी रडता रडता उठली आणि तिनं माठ दोन्ही हातांनी धरला. "हा ओतायचा नाही. ह्यांनी सांगून ठेवलंय," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "भाऊजी, आधी टाकी आणि माठ तुमच्या घरी न्या, मग ह्यांना उचलू. ह्यांनी तसंच सांगितलंय. म्हणाले, मागच्या वेळी सद्या मधूला पोचवायला गेला होता, म्हणून घात झाला. गेला ते बरं केलं त्यानं. पण मासे त्यालाच दे..."

माणसं ताटकळली, कुणी पुटपुटलंही. पण आधी टाकी गेली, मागून माठ गेला, आणि मग दत्ताराम.

टाकी आता आमच्या खोलीत आहे. माठ खिडकीत, फडकं बांधलेला. आज सकाळपासून वरच्या मजल्यावरच्या आप्पांना घरघर लागलीय, इथं खाली ऐकू येते. आई म्हणाली, "आजचो दिस काय निघना नाय." आणि तिनं हंड्यांकडे बघितलं. मी कचेरीत चिठ्ठी पाठवून दिली, आज येत नाही म्हणून. माठाशेजारी बसून हे लिहितोय.