म्हाताऱ्याचं लॅटिन

म्हाताऱ्यानं एक बोट छताकडे न्यायचं आणि म्हणायचं, "मास्तर, वरती मराठी नाही चालत." झालं! माझी तासाभराची शिकवणी पाण्यात.

मलकापूरच्या आमच्या चर्चचा हा राखणदार. चर्च रेल्वेच्या गोऱ्या साहेबांच्या वेळचं. साहेब गेले, म्हातारा राहिला. फादरच्या शेजारी उभं राहून लॅटिन प्रार्थनेला लॅटिनमध्ये उत्तरं द्यायची, हे त्याचं जन्माचं काम. अर्थ विचारला तर म्हणायचा, "मले कायले पाह्यजे अर्थ? ज्याच्यासाठी म्हन्तो त्याले समजते ना."

आणि गावाचा विश्वास बघा! पोराला ताप आला की बाई कुणब्याची असो की मुसलमानाची, चर्चच्या पायरीवर हजर. "बाबा, तुमच्या त्या भाषेत सांगा ना देवाले." हा डोळे मिटून घडाघडा म्हणायचा, आणि बाई निर्धास्त घरी जायची.

मग रोमहून हुकूम आला, प्रार्थना आता लोकांच्या भाषेत. नव्या फादरनं स्पष्टच सांगितलं, नाताळपर्यंत बाबांना मराठी उत्तरं आली तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघतो. मी शेजारचा शाळामास्तर, म्हणून शिकवणं माझ्या गळ्यात.

काय सांगू तुम्हाला, डोकं पिकलं माझं! म्हातारा मराठी म्हणायचा आणि लगेच हळूच मागून लॅटिन जोडायचा. शेवटी मी ओरडलो, "अहो, अडून काय बसता?"

"मास्तर, काल पाटलाची सून आली होती पोराले घेऊन. म्या मराठीत म्हनलं. हासली अन् म्हने, हे तं मलेबी येते. चालली गेली."

मी चिडून पुस्तक मिटलं.

नाताळला फादरशेजारी दुसराच उभा. म्हातारा बाहेर पायरीवर. मी दंड धरून म्हटलं, "आत चला."

"राहू द्या न मास्तर. आत सगळ्यांले सगळं समजून राह्यलं. माह्यावाचून काय अडते?"

असा संताप झाला माझा! त्याचा, फादरचा, त्या हुकमाचा, सगळ्यांचा.

उन्हाळ्यात म्हातारा गेला. मातीला अख्खं गाव लोटलं. फादरनं स्वच्छ मराठीत प्रार्थना म्हटली, शब्द न् शब्द कळला. लोक पांगायला लागले तशी पाटलाची सून डोळ्याला पदर लावून माझ्याकडे आली.

"मास्तर, बाबाच्या भाषेतलं बाबासाठी कोनीच नाही म्हनत काय? तुम्ही तरी म्हना ना."

इतके महिने ते कानावर पडलं होतं, पण मला त्यातला एकही शब्द येत नव्हता.