झरीच्या ओट्यावरचा नाच

आमच्या कॉलेजात नाचाला नाच म्हणायची सोय नव्हती. म्हणायचं तर ‘डान्स’ म्हणायचं. नाच म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फड यायचा, हवेत उडणारे फेटे यायचे, आणि बोलणाराच ओशाळायचा. डान्स म्हटलं की तोच प्रकार एकदम शिकल्यासवरल्या घरातला व्हायचा. गॅदरिंगला टेपवर सिनेमातलं गाणं लावून जे काही व्हायचं त्याला रेकॉर्ड डान्स म्हणत, आणि त्यात पोरी नसत. पोरंच साडी नेसायची. मी अंगानं काटकुळा, त्यात मिशा उशिरा फुटलेल्या, त्यामुळे दोन गॅदरिंगांना हिरोईनचं काम माझ्याकडे होतं. मी लाजायचो, मुरकायचो, हिरोच्या खांद्यावर मान टाकायचो, आणि मागून शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. बायका कशा हलतात हे आपल्याला पुरतं कळलेलं आहे, अशी माझी पक्की समजूत झाली होती. गाढवपणाच तो, पण मोठ्या आत्मविश्वासाचा.

नामांतराच्या चळवळीचे ते दिवस. परभणीत कॉलेज कधी बंद पडेल आणि एसटी कुठे अडेल याचा नेम नसायचा. तशात इंग्रजी शिकवायला एक नवीन मॅडम आल्या. त्या बडोद्याकडे कुठेतरी नाच शिकलेल्या होत्या, आणि तोही घुंगरांचा नाही, आताच्या काळातला. ‘आताच्या काळातला म्हणजे कसला?’ असं आम्ही विचारलं, तर त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढून टेपमध्ये घातली.

इंग्रजी रॉक संगीत मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आधी ढोलासारखं काहीतरी धडधडलं, मग गिटार अशी किंचाळली की आमच्यातल्या एकानं टेपचं हेड खराब झालं असं समजून पुसायला रुमाल काढला. गाणारा माणूस गात होता की कुणाशी भांडत होता ते कळत नव्हतं. पण माझ्या पायाच्या अंगठ्यापासून काहीतरी वर चढत आलं, एवढं खरं. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. एक मुलगी तेवढी मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होती.

ती झरीची होती. शेतकऱ्याची मुलगी, रोज एसटीनं परभणीला यायची. उंच, हाडापेरानं मजबूत, तेलानं चोपून घातलेली एक वेणी. वर्गात तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. तेव्हा आम्ही पोरंपोरी एकमेकांशी बोलायचोच कमी, आणि बोललो तर अहो-जाहो करून.

दर हिवाळ्यात कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर एखाद्या खेड्यात जायचं. दिवसा रस्त्यावर मुरूम टाकायचा आणि शेवटच्या दिवशी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम करायचा, असा रिवाज. त्या वर्षी गाव ठरलं झरी. मॅडमनी कार्यक्रमात एक नाच बसवायचा घाट घातला: एक मुलगी, एक मुलगा आणि ती कॅसेट. मुलगी म्हणून त्यांनी झरीचीच निवडली. मुलगा म्हणून मला. मी खूश होऊन विचारलं, मलाच का? मॅडम म्हणाल्या, “तुला हलकं व्हायची सवय आहे.”

हलकं व्हायचं म्हणजे काय ते पहिल्याच तालमीला कळलं. नाचात मी तिच्यामागून यायचं, तिचा दंड धरायचा. तिनं तो सोडवून घ्यायचा नाही, फक्त जागच्या जागी वळायचं, म्हणजे माझं सगळं अंग तिच्याभोवती फिरून जमिनीवर पडेल. ती पुढे जाईल, थांबेल, परत येईल. मला पाठीवर घेईल आणि चालू लागेल. मग मला खाली ठेवून ती एकटीच नाचेल. शेवटी मी उठायचं आणि तिच्यामागून, अंतर राखून चालत जायचं. बस्स.

“म्हणजे मॅडम, त्यानं तिला उचलायचं ना?” एकानं विचारलं.

“नाही. तिनं त्याला.”

पोरं अशी हसली की काही विचारू नका. नवरा पिऊन पडलाय आणि बायको घरी न्यायलीय, असा एकानं अर्थ लावला. दुसरा म्हणाला, सावित्री आणि सत्यवान. तिसऱ्यानं मला ‘वहिनी’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव पुढे वर्षभर मला चिकटून राहिलं. मॅडम कुणालाच चूक म्हणत नव्हत्या. “दिसतंय ते दिसू द्या,” एवढंच म्हणायच्या. मला त्याचा राग यायचा. बसवणाऱ्यालाच अर्थ ठाऊक नसेल तर आपण कशाला पडायचं नि धडपडायचं?

आणि मग तिनं मला पहिल्यांदा उचललं. मी लाकडासारखा ताठ झालो होतो. ती वैतागून म्हणाली, “अहो, अंग सैल सोडा की. कडब्याची पेंडी व्हायलाव तुमी. पोत्यावानी व्हा.” मी सैल सोडलं. तिनं गुडघे वाकवले, कंबर जराशी आत घेतली, आणि मी वर होतो. लहानपणी आईनं उचललं त्यानंतर मला कुणी उचललं नव्हतं. तिच्या पाठीतून तिचा श्वास मला पोटाशी कळत होता. ती चालत होती आणि टेपमधला तो ढोल तिच्या टाचांतून निघतोय असं वाटत होतं. मी एवढा भारावून गेलो की खाली ठेवल्यावरही तसाच पडून राहिलो. पोरं ‘वहिनी मेल्या’ म्हणून ओरडली. मी मनात म्हणत होतो, बाईमाणूस हे असतं तर मग मी दोन वर्षं स्टेजवर मुरकत होतो ते काय होतं?

एकदा पाणी प्यायला थांबलो तेव्हा धीर करून मी तिला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, अर्थ काय असेल याचा?”

“अर्थ काय असतोय? माणूस पडला की उचलायचं. उचललेलं कवातरी खाली ठेवायचं. मंग आपलं आपण मोकळं व्हायचं.” ती जराशी हसली. “त्या शेवटच्या तुकड्यासाठी तर तुमाला एवढं वाहायले मी.”

अडचण होती ती तिच्या वडिलांची. त्यांची परवानगी काढायला शिबिराच्या पहिल्याच दिवशी मॅडमबरोबर आम्ही दोघं-तिघं तिच्या घरी गेलो. वडील बाजेवर बसले होते. माणूस वाईट नव्हता. चहा सांगितला, आमच्या गावांची चौकशी केली. मी राणीसावरगावचा म्हटल्यावर तिथल्या बाजारातल्या बैलांची आठवण काढली. मग म्हणाले, “शिकायला पाठविलंय तिला. भावकीचं आयकून घेऊन पाठविलंय. नाव खराब झालं की त्या दिशी कालेज बंद. हे तिलाबी ठावं हाय.” मग मॅडमकडे वळून त्यांनी विचारलं, “नाचबीच न्हाई ना ह्यो?”

मॅडम म्हणाल्या, “नाही, कवायत आहे. संगीतावरची कवायत.”

“कवायत व्हय? मंग हरकत न्हाई.”

ती दाराशी उभी राहून हे ऐकत होती. आम्ही निघालो तशी वेशीपर्यंत आली आणि मॅडमना म्हणाली, “मॅडम, आबासंगं खोटं बोललाव तुमी.” मॅडम पदर सावरत पुढे निघाल्या. मला वाटलं, हिचं शिक्षण वाचवायला ते आवश्यकच होतं, उगाच काय खुसपट काढते.

कार्यक्रम शाळेच्या ओट्यावर, उन्हं कलताना सुरू झाला. सगळं गाव आलं होतं. ओट्याला अगदी लागून बायका, पलीकडे पुरुष, तिचे वडील पुरुषांच्या पुढच्याच रांगेत. स्वागतगीत झालं, साक्षरतेवरची नाटुकली झाली. मग मॅडमनी खुर्चीवरच्या टेपचं बटण दाबलं आणि ती गिटार झरीच्या आभाळात किंचाळली. शाळेमागची कुत्री भुंकत पळाली. लोकांच्या चेहऱ्यावर काय दिसतंय हे बघायची माझी हिंमत नव्हती. मी तिचा दंड धरला, ती वळली, मी पडलो. ती पुढे गेली, थांबली, परत आली. तिनं मला उचललं तेव्हा गर्दीतून एक मोठा ‘आऽऽ’ असा आवाज आला. आणि खाली उतरताना माझ्या घड्याळाच्या पट्ट्यात तिची वेणी अडकली. मी हिसका दिला. रिबिन तुटली आणि केस मोकळे झाले.

तिला ते कळलंही नसावं. तिचा एकटीचा तुकडा सुरू झाला होता. ती कमरेतून वाकून घुमत होती, केस जमिनीला लागत होते, उसळून वर जात होते, टाचा ओट्यावर आदळत होत्या. मी पायाशी पडून खालून बघत होतो. तालमीत शंभरदा पाहिलेलं, पण हे ते नव्हतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

काटा सगळ्यांच्याच अंगावर आला होता. बायकांतून कुणीतरी ओरडलं, “वारं आलं! पोरीच्या अंगात वारं आलं!” आणि बघता बघता बायका उठल्या. कुणी तांब्या आणला, कुणी हळदकुंकवाचा करंडा. एक म्हातारी थेट ओट्यावर चढली. तिनं पोरीच्या पायांवर पाणी घातलं, कपाळभर कुंकू माखून मळवट भरला. गोंधळून मॅडमनी टेप बंद केला. ती जागच्या जागी थांबली, धापा टाकत, कपाळ लालभडक.

मी पुरुषांकडे पाहिलं. त्यांनी टोप्या काढल्या होत्या. तिचे वडील उठून ओट्याशी आले होते, आणि त्यांनी आपल्या मुलीला हात जोडले होते.

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडे माझ्या चुलतीच्या अंगात यायचं. वारं आलं की ती चुलत्याला अरे-तुरे करायची, सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढायची, आणि तो हात जोडून ‘चुकलं, माय’ म्हणायचा. सकाळी तीच चुलती डोक्यावर पदर घेऊन त्याला भाकरी वाढायची, आणि दोघांपैकी कुणी त्याचा उच्चार करायचं नाही. देवीनं केलेलं बाईला लागत नाही. म्हणजे झरीच्या बायकांनी अर्थ लावला होता, आणि त्या अर्थानं ही सुटली होती. केस सोडलेले माफ, परक्या पोराला पाठीवर घेतलेलं माफ. मॅडमनाही ते उमगलं असावं. त्या तिच्याजवळ जाऊन पुटपुटल्या, “काही बोलू नकोस. असंच राहू दे.”

म्हातारीनं रिवाजाप्रमाणे विचारलं, “कोण आलंय, माय? नाव सांग. कुठलं ठाणं तुझं?”

एखाद्या देवीचं नाव घेतलं की झालं. कॉलेज वाचलं. मी खाली पडल्या पडल्या मनात जप करत होतो, घे बाई, कुठलंही नाव घे.

तिनं वडिलांकडे पाहिलं.

“कुणी न्हाई आलं, आबा. मीच हाय. ही कवायतबी न्हाई. नाच हाय ह्यो. मीच नाचायले.”

मागून कुणीतरी म्हणालं, “खाली उतरीव की रे तिला.” दुसरा म्हणाला, “कवायत म्हणले हुते ना कालेजवाले?” मॅडम टेपपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठीवरून उतरलेला मी, आणि उठून तिच्या शेजारी उभं राहायचंही मला सुचत नव्हतं. ती मात्र हलली नाही. मान ताठ, डोळ्यांत पाणी, पण ओघळू न दिलेलं.

वडिलांनी खाली पाहिलं. हात अजून जोडलेलेच होते. ते मागच्या लोकांकडे वळले आणि वैतागल्यासारखे म्हणाले, “आरं, समद्या गावादेखत हात जोडून बसलो तिला. आता ह्याच हातानं काय करू?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसले नाहीत. तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, “राह्यलंय का आजून?”

“थोडं हाय.”

“मंग कर पुरं.”

ते पुरुषांच्या रांगेत परत गेले नाहीत. ओट्याच्या कडेला बायका बसल्या होत्या तिथेच, म्हातारीच्या शेजारी, मांडी घालून खाली बसले आणि वर बघू लागले.

मॅडमनी टेपचं बटण दाबलं. गिटार मधूनच सुरू झाली, आणि ती मोकळ्या केसांनी, मळवटासकट नाचली. तिनं काहीही हातचं राखलं नाही. मला रडू आवरेना. शेवटी मी उठलो, आणि ठरल्याप्रमाणे तिच्यामागून चालू लागलो. ओट्याच्या कडेवरून खाली उतरलो तेव्हा तिच्या वडिलांनी मला वाट द्यायला मांडी आवरून घेतली.