परबकाकूंचा काठोकाठ पेला

लिफ्ट एकोणिसाव्या मजल्यावर थांबली की परबकाकू आधी बाहेरच्या भिंतीला तळहात टेकवायच्या, मगच पाऊल टाकायच्या. नव्या शेजाऱ्यांना वाटायचं, बाई नमस्कार करतात. काकू फक्त भिंत जागेवर आहे ना, ते तपासत असत.

विक्रोळीच्या आमच्या चाळीत त्या तळमजल्यावर राहत, मी शेजारच्या खोलीत. चाळीच्या जागी टॉवर झाला. चाव्या वाटायच्या कार्यक्रमाला बिल्डरने आणलेले प्रमुख पाहुणे शाल सावरत म्हणाले, "पृथ्वी स्वतःभोवती ताशी सोळाशे किलोमीटरने फिरते, सूर्याभोवती तर लाखाच्या वर वेगाने धावते. मग आपण मागे का राहायचं?" टाळ्या अशा पडल्या, जणू हा वेगही बिल्डरने पार्किंगसोबत मोफत दिला होता. काकूंनी मात्र दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली होती.

"ह्या खरा काय रे?" त्यांनी मला विचारलं.

"खरं आहे. पण वेग एकसारखा असला की जाणवत नाही."

"आणि ब्रेक लागलो तर?"

"ब्रेक लावायला कोणी नाही, काकू."

"म्हणजे डायवरच नाय?" त्यांचा चेहरा उतरला. "आणि वर ऱ्हवतत ते अधिक जोरान फिरतत काय?"

"किंचित," मी म्हणालो. शास्त्राप्रमाणे उत्तर अचूक होतं.

नव्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर काठोकाठ भरलेला पेला आला. सकाळी उठून आधी तो बघायचा. पाणी कधीच सांडलं नाही, आणि काकूंची झोप त्यानेच उडाली. "इतक्या जोरान फिरता, आणि पाणी हलणा नाय. मगे काय बिघडला तर आपल्याक कळतला कसा?"

त्यांचा मुलगा नीलेश वैतागायचा. "आई, लोक इथे खाडीचा व्ह्यू बघायला येतात, आणि तू पेला बघत बसतेस."

काकूंनी खिडकी उघडणं सोडलं, मग जेवणही तुटलं. शेवटी नीलेशच त्यांना मालवणजवळच्या घरी सोडायला निघाला. जाताना त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "सांडलो तर फोन कर."

आठवड्याने त्यांचाच फोन आला. "हय जमीन कशी गप आसा. माका झोप लागता रे."

मालवण विषुववृत्ताला विक्रोळीपेक्षा जवळ आहे. तिथली जमीन इथल्यापेक्षा थोडी जास्तच वेगाने फिरते.

"असणारच, काकू," मी म्हणालो.

"आणि पेलो?"

"काठोकाठ आहे."

हे खरं होतं. मीच भरतो. आणि सकाळी चहाच्या आधी बघतोही.