निकाल नको म्हणणाऱ्या बाई

लंडनच्या एका हॉस्पिटलात मी संशोधनासाठी लोकांचं रक्त घेते. नळीवर नाव नसतं, नंबर असतो. दर वर्षी एक मराठी बाई वेअरहाऊसमधली शिफ्ट संपवून लंडनजवळच्या स्लाऊ गावाहून यायच्या. खुर्चीत बसल्या की आधी डोळे मिटून घ्यायच्या. त्यांचे वडील मेंदूच्या ज्या आनुवंशिक आजाराने गेले, त्याच्या जनुकावर आमचं काम चालतं. त्या जनुकातला दोष तुमच्यात आहे का, हे चाचणीत कळू शकतं, असं मी दर वेळी सांगायचे.

“निकाल नको,” त्या म्हणायच्या. “तुमच्या कामाला लागेल तेवढं रक्त घ्या.”

यंदा मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, “ताई, या वेळी चाचणी करा. थोरल्या लेकीला दिवस गेलेत. आता हे घराण्यातलं दुखणं तिच्यापासून लपवून चालायचं नाही.”

मी फॉर्म दिला. त्यांनी सही केली. मी रक्त घेतल्यावर त्यांनी बाही खाली ओढली, पण त्या उठल्या नाहीत.

“निकालाला किती दिवस?”

“काही आठवडे लागतील.”

“तोवर घरी चेहरा सांभाळायला हवा. मुली लगेच ओळखतात.”

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. बाहेर पुढचा माणूस आला होता. त्याला मी जरा थांबायला सांगितलं.