तोंडावर काही नाही, सगळं पोटात

निमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत बसले होते. रिकाम्या जागा भरा, प्रश्न पहिला : ‘कोकणातील नद्या ______ प्रदेश तयार करत नाहीत.’ वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांनी ‘त्रिभुज’ लिहिलं होतं आणि मी बरोबरच्या खुणा करत सुटले होते. फोनवर तिचा भाऊ म्हणाला, “बाई, ताई गेली हो…” आणि माझं लाल पेन त्या ‘त्रिभुज’वरच थांबलं. आजारी होती म्हणे वर्षभर. मला पत्ता नाही! आठवड्याला फोन करणारी बाई, आंब्याला मोहर कसा आहे इथपासून माझ्या मुख्याध्यापकांच्या नव्या विगापर्यंत सगळं विचारायची, आणि स्वतःचं एवढं मोठं दुखणं गिळून बसली. मला तिचा राग आला. आज महिना झाला, अजून येतो.

निमा दाभोळच्या खाडीकाठची. वडील प्राथमिक शिक्षक. रत्नागिरीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो, मग मी बी.एड. करून भूगोलाची बाई झाले आणि ती पुण्याला भूशास्त्रात पीएच.डी. करायला गेली. अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीत घरी आली ती विषय घेऊनच. “आपल्या खाडीत येणाऱ्या वाशिष्ठीने पूर्वी कधीतरी त्रिभुज प्रदेश केलाय, मला तो शोधायचाय.” मी म्हटलं, “अगो, मी पोरांना नेमकं उलटं शिकवते. सरकारी पुस्तकात छापलंय!” पुण्यातल्या तिच्या मार्गदर्शक सरांचंही तेच. कोकणातल्या नद्या आखूड, उतारावरून धावत येणाऱ्या, वर भरती-ओहोटी; गाळ साठणार कुठे? सरांनी शेवटी बजावलं, या हंगामात जमिनीखालचा पुरावा आणा, नाहीतर विषय बदला. विषय बदलणं म्हणजे तोवरची सगळी वर्षं पाण्यात. निमा मला एवढंच म्हणाली, “पुरावा आहे. खणायला जागा हवी.”

जागा तिने हेरून ठेवली होती. खाडीपासून चांगली आत, चारही बाजूंनी भातशेती असलेल्या एका मळ्याला गावात ‘जुवा’ म्हणत. आमच्याकडे जुवा म्हणजे खाडीतलं बेट. आता पाण्याचा टिपूस नसलेल्या मळ्याला बेट कशाला म्हणतील कोणी? पुण्याच्या सरांनी मात्र तिच्या अहवालात ‘जुव्यावर काम करायचे आहे’ असं वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, “हे जुगाराचं काय प्रकरण आहे?” त्यावर आम्ही दोघी किती दिवस हसत होतो!

मळा होता तात्यांचा. आणि तात्या बघतात तर काय, पँट घातलेली एक मुलगी खांद्यावर जमिनीखालचे थर उपसून काढायची लांब नळी घेऊन बांधावर उभी. त्या काळात खाडीपलीकडे अंजनवेलच्या बाजूला वीज कंपनीचा प्रकल्प उभा राहत होता. शेतात कोणी साधी खुंटी ठोकली तरी लोकांना वाटे, गेली जमीन! तात्या कडाडले, “काय गो, मोजणीला आलीस? कंपनीची काय तू?” मी निमाच्या कानात म्हटलं, “सांग की विहिरीचं पाणी बघतेय, संपला विषय.” तिने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग तिथेच बांधावर बसून तिने तात्यांना सगळं खरं सांगितलं. नदी, गाळ, बेट, पुण्याचे सर, सगळं. तात्या सुपारी कातरत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “माझी ना नाय. पण मळ्याला राखणदार हाय, जागेचा देव. त्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय खणायचं नाय.”

आता आली का पंचाईत! निमाचं घर बौद्ध, आजोबांच्या पिढीपासून देवदेवस्की बंद. ती शांतपणे म्हणाली, “तात्या, मी हात जोडणार नाही. पण तुम्ही घाला, मी उभी राहीन.” मला वाटलं, आता म्हातारा हाकलतो. तात्या हसले. “नको जोडू. चिखल तुझा, राखणदार माझा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली माणसं जमली, नारळ ठेवला आणि तात्यांनी सूर लावला. “बा राखणदारा, ही पोर तुझ्या मळ्यातला चिखल न्यायला आलीय, तिच्या नळीत काय हवं ते गावू दे, महाराजा!” सगळे : “होय महाराजा!” “तिचा पुण्याचा सर आडवा आला असेल, त्याला सरळ कर, महाराजा!” “होय महाराजा!” “आणि कंपनीची नजर या मळ्यावर पडू देऊ नको, महाराजा!” हा ‘होय महाराजा’ तर दाभोळच्या धक्क्यावर ऐकू गेला असेल. निमा बाजूला ताठ उभी. हात खाली, ओठ दाबून हसू आवरत.

नळी ठोकून खाली गेली, वर मात्र येईना. शेवटी गाऱ्हाण्याला आलेल्यांनीच आडवा वासा बांधला आणि ओरडत, एकमेकांना शिव्या घालत ती उपसली. तात्यांच्या खळ्यात निमाने नळी उभी चिरली. तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं : पुराने आणलेला गाळ असेल तर खाली जाड, वर बारीक. पण नदी खाडीत गाळ टाकत पुढे पुढे सरकली असेल, तर उलट. खाली खाडीचा बारीक चिखल, वर जाड रेती. तिने खालच्या टोकाला बोट लावलं. काळा, लोण्यासारखा चिखल, त्यात खाऱ्या पाण्यातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या. बोट वर सरकत गेलं… बारीक रेती… मग जाड… मग चक्क गोटे. निमा खळ्यात फतकल मारून बसली आणि मोठ्याने हसायला लागली. तिला तशी हसताना मी कधीच पाहिली नव्हती.

“गावलं काय गो?” तात्यांनी विचारलं.

“गावलं! तात्या, तुमचा मळा एकेकाळी खाडीत होता. नदीने भरून काढला.”

तात्यांचा चेहरा पडला. “मग सातबारा कोणाच्या नावावर जायचा आता?”

पुढे तिने आजूबाजूला आणखी नळ्या घातल्या. सगळीकडे तेच. पुण्याच्या तोंडी परीक्षेला मी रजा टाकून गेले, मागच्या रांगेत बसले. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “दाभोळच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश नाही, हे शाळकरी मुलालाही माहीत आहे.” निमा म्हणाली, “बरोबर आहे सर. मुखाशी नाहीच. तो आत आहे, खाडीच्या पोटात. आमची खाडी कोकणी आहे, तोंडावर काही दाखवत नाही, सगळं पोटात ठेवते.” सभागृह हसलं, परीक्षकही हसले, आणि मग तिने एकेका नळीचा फोटो पडद्यावर टाकला. शेवटी परीक्षकांनी उठून तिचा हात हातात घेतला, “अभिनंदन, डॉक्टर!” तेव्हा मागून मी न राहवून ओरडले, “होय महाराजा!” सगळ्यांनी वळून पाहिलं. पाहू देत! त्या दिवशी मला कोणाची लाज वाटली नाही.

तात्यांच्या मळ्यातल्या त्या चिरलेल्या नळीचा अर्धा भाग तिने माझ्या शाळेला दिला. कपाटावर असतो. ती गेल्यापासून मी तिकडे बघायचं टाळत होते. गेल्या आठवड्यात चाचणीचे पेपर वाटले आणि मग तो काढलाच. पोरांना रांगेने बोलावून नळीवर बोट फिरवायला लावलं, खालून वर. तात्या, राखणदार, सगळी हकीगत सांगितली. एक मुलगी म्हणाली, “बाई, मग पेपरात काय लिहायचं?” म्हटलं, “पेपरात ‘त्रिभुज’च लिहा, गुण मिळतील. पण वाक्यात ‘मुखाशी’ हा शब्द राहून गेलाय, तो आधी घाला. कारण पोटात आहे, आणि तो आपल्या निमाने शोधलाय. कळलं?”

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “होय महाराजा!”

मुख्याध्यापक धावत दाराशी आले. “बाई, काय चाललंय काय?”

डोळे पुसायलाही वेळ मिळाला नाही. “काही नाही सर,” मी म्हटलं, “त्रिभुज प्रदेश शिकवतेय.”