चर्चसमोरचं सात नंबर

इंग्लंडमधलं आमचं पहिलं घर आम्ही मंगळवारी दुपारी पाहिलं, तिथेच फसलो. मंगळवारी दुपारी कुठलंही चर्च गप्पच असतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याची नोकरी वॉटफर्डला, कॉम्प्युटरची. वॉटफर्डमधली घरं आमच्या ऐपतीच्या चार बोटं वर, म्हणून बसने पुढे पुढे जात एका लहान गावाच्या जुन्या भागात पोचलो. मधोमध गारगोट्यांच्या भिंतींचं बुटकं चर्च, त्याला वळसा घालणारी गल्ली आणि गल्लीत एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभी असलेली घरं. एजंटने सात नंबरचं दार उघडलं आणि म्हणाला, "अतिशय शांत जागा. समोरच्या शेजाऱ्यांची तर आजवर एकही तक्रार नाही."

समोर चर्चचं आवार होतं आणि आवारात कबरी. नवरा हसला. तो हसला म्हणून मीही हसले. विनोद मला परतीच्या बसमध्ये कळला.

राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते आणि डोक्यावर सहा घंटा कोसळल्या. मोहरीच्या आधी मी उडाले. अर्धा तास ते चालू होतं. नवरा खिडकीत उभा राहून म्हणाला, "सुरेख आहे गं!" या माणसाला लग्नाच्या बँडचाही आवाज सुरेख वाटला होता.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. "घर कसं आहे? समोर काय आहे?"

"बाग," मी म्हटलं. झाडं होती, गवत होतं. फुलं तर रोज ताजी.

वर्षभर मी त्या चर्चकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत राहिले. आत जावं की नाही, कुणाला विचारावं, काही कळत नव्हतं. गल्लीतले लोक भेटले की हवेबद्दल बोलायचे, मीही हवेबद्दल बोलायचे, आणि हवा संपली की आम्ही आपापल्या दारात शिरायचो. मग एप्रिलमधल्या एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना टॉवरखालचं दार सताड उघडं दिसलं. आत दिवे लागले होते. म्हटलं, इतके दिवस शेजारी राहतोय, दर्शन तरी घेऊ. दाराशी बूट काढले, पिशवी ठेवली, आत पाऊल टाकलं, तर समोरच घंटेचे दोर लोंबत होते.

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार होते? देवाच्या दारात दोर दिसला तर आपला हात डोक्याला विचारायला जात नाही. मी सगळ्यात जवळचा धरला आणि ओढला. काहीच झालं नाही. आपल्याकडे कसं, बोट लावलं की टण्ण. मला वाटलं, गंजली असेल. मग कणीक मळताना लावते तसा जोर लावून ओढला, पुन्हा ओढला, आणि वर कुठेतरी काहीतरी अवाढव्य हललं. ढण्ण! पायाखालची फरशी थरथरली. एक ठोका माझा झाला, एक नवऱ्याच्या नावाचा वाजवला, एक पुण्याला सासूबाईंच्या नावाचा. हात जोडले, डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा समोर एक उंच, हडकुळी, पांढऱ्या केसांची बाई हातात बिस्किटांचा डबा घेऊन उभी होती. घंटा वाजवणाऱ्या मंडळींच्या प्रमुखाला तिकडे कॅप्टन म्हणतात. ही ती कॅप्टन. सरावाची संध्याकाळ होती, म्हणून दोर खाली सोडलेले होते, आणि ती आतल्या खोलीत चहाची किटली लावायला गेली होती. ती काही बोलायच्या आत बाहेर पावलं वाजली. कोपऱ्यावरचा पब रिकामा होऊन दारात जमला होता. पबचा मालक सगळ्यात पुढे, छातीशी टोपी धरून.

"कोण गेलं?" त्याने हळूच विचारलं.

मी ओढली ती नेमकी मोठी घंटा, आणि गल्लीत ती एकटी वाजली तर तिचा अर्थ शेकडो वर्षं एकच होता. पुरुष गेला असेल तर तीन-तीन ठोके तीनदा, बाई गेली असेल तर दोन-दोन तीनदा. मी तीनवर थांबले होते. मंडळी पुढच्या ठोक्यांची वाट बघत ताटकळली होती.

कॅप्टनबाईने माझ्या पायांकडे पाहिलं. "गेलं कुणी नाही. हिचे बूट तेवढे गेलेले दिसतात."

"पण मी तर बारा नंबरच्या म्हाताऱ्यासाठी टोपीसुद्धा काढली!" पबवाला म्हणाला.

"आभारी आहे," त्याच्या मागून बारा नंबरचा म्हातारा म्हणाला. त्याच्या हातात बिअरचा ग्लास होता.

मला वाटलं आता पोलीस येतील. आला तो हशा, आणि मग चहा. मी दहा वेळा सॉरी म्हटलं. आमच्याकडे देवळात शिरताना घंटा वाजवतात हे सांगितलं. कॅप्टनबाईने विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "आम्ही आलोय हे देवाला कळावं म्हणून." ती म्हणाली, "कळलं असणार. पलीकडच्या गावातसुद्धा कळलंय."

मग तिने माझे दंड दाबून पाहिले, मंडईत तोंडली दाबून बघतात तसे, आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात या. बूट घालून."

ही बाई गल्लीतच जन्मली होती. तिच्या आधी तिचे वडील कॅप्टन. तिने मला घंटा शिकवायच्या आधी गल्ली शिकवली. आमच्या रांगेत पूर्वी बायका दारात बसून गव्हाच्या काडांच्या वेण्या विणायच्या, त्यांच्या हॅट होत, आणि वेण्या विणता विणता येणाऱ्या-जाणाऱ्याची पिसं काढत. "आता विणत नाहीत," ती म्हणाली, "पिसं मात्र काढतात." चर्चच्या मागे बुटक्या घरांची ओळ होती, कुणा श्रीमंत विधवेने गावातल्या निराधार म्हाताऱ्यांसाठी बांधलेली, अट एवढीच की रोज प्रार्थनेला यायचं आणि भांडायचं नाही. पहिली अट पाळली गेली. आणि चर्च आधी की पब आधी यावर गल्लीत दोन तट होते. पबवाल्याचं म्हणणं, चर्च बांधणारे गवंडी तहानेले असणार, तेव्हा पब आधी. मला ऐकता ऐकता माहेरची पेठ आठवायची. फक्त इथे भांडणं आवाज न चढवता चालत.

घंटा सहा, वाजवणारे सहा. कॅप्टनबाई, पबवाला, पोस्टमन, एक दंतवैद्य आणि शाळेत शिकवणारं एक जोडपं. मी मनात म्हटलं, मग मी कशाला? ते तिने एका संध्याकाळी सांगितलं. तिचे गुडघे गेले होते. घर विकून ती डेव्हनला मुलीकडे कायमची जाणार होती, सप्टेंबरमधला सुगीचा सण झाला की लगेच.

"मी लहान मुलगी होते तेव्हापासून दोर धरतेय," ती म्हणाली. "सहा घंटा वाजतात तेव्हा मी त्यांच्या खाली असते. खाली नुसता घरघराट. लोक सांगतात, बाहेर गल्लीत फार छान ऐकू येतं. मी ऐकलेलं नाही. मी बाहेर गेले की पाचच वाजतात."

एवढंच तिला हवं होतं. जायच्या आधी एकदा, गल्लीत उभं राहून, सहाच्या सहा.

"शेजारच्या गावातून कुणीतरी मागवता येईल की," मी म्हटलं.

"परक्याने वाजवलेल्या मला ऐकायच्या नाहीत."

"पण मी पुण्याची!"

"तुम्ही सात नंबरच्या," ती म्हणाली आणि विषय संपला.

शिकणं म्हणजे काय सांगू! ती घंटा पाळण्यासारखी झुलत नाही, अख्खी गोल फिरते. दोराला लोकरीचा जाड रंगीत गोंडा असतो, तो ओढायचा आणि वेळेवर सोडायचा. मी सोडायला विसरायचे. मग दोर वर जायचा आणि माझ्या टाचा त्याच्याबरोबर. पोस्टमन माझी कंबर धरून मला पृथ्वीवर ठेवायचा. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, परक्या पुरुषाने आज मला तीनदा खाली उतरवलं." तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "त्याला थँक्यू म्हण."

हात बसल्यावर दुसरंच दुखणं सुरू झालं. लहानीपासून मोठीपर्यंत एकामागून एक, पायऱ्या उतरल्यासारख्या सहा घंटा वाजायला हव्यात, आणि शेवटपर्यंत एकाच चालीत. आम्हाला आरतीची सवय! शेवट जवळ आला की झांजा चढणार, टाळ्या चढणार, कापूर लागणार. मला थांबण्याचा वास आला की माझा हात पळत सुटायचा आणि माझी घंटा पुढच्या घंटेच्या पाठीत जाऊन बसायची.

"कुठे निघालात?" कॅप्टनबाई ओरडायची. "बस चुकतेय का?"

"आमच्याकडे देवाला असंच आवडतं."

"इथल्याला दम लागतो!"

जुलैत सासूबाई आल्या. सकाळी स्वेटर चढवून खिडकीशी बसल्या, चहा प्यायल्या, बराच वेळ बघत राहिल्या. "तुझ्या या बागेत दगड फार दिसतात," म्हणाल्या. मग स्वतःच, "असू दे. पाणी घालायला माणसं येतात, म्हणजे चांगल्या घरचे असतील."

त्यांना मी घंटेचं सांगितलं ते घाबरत घाबरत. त्यांनी फक्त विचारलं, "ती बाई इतकी वर्षं वाजवतेय आणि तिने कधी ऐकलंच नाही?"

"नाही, आई."

"म्हणजे साठ वर्षं पुरणपोळ्या लाटल्या आणि ताटावर बसलीच नाही." त्या उठल्या. "जा, सरावाला जा. भाकऱ्या मी टाकते."

त्यानंतर माझ्यावर दोन कॅप्टन झाल्या. एक टॉवरमध्ये, एक स्वयंपाकघरात. सासूबाई ओट्यावर सहा वाट्या मांडून चमच्याने वाजवायच्या, मला चौथी, माझ्या घंटेची, द्यायच्या आणि मी घाई केली की चमचा माझ्या बोटांवर. ऑगस्ट संपेपर्यंत माझी बोटं निळी आणि चाल सरळ झाली. बहुतेक.

सुगीच्या रविवारी चर्चच्या खिडक्यांत भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा भलामोठा पाव. सासूबाईंनी त्यात एक नारळ नेऊन ठेवला, शेंडी देवाकडे करून. व्हिकारने, म्हणजे तिथल्या पाद्रीबाबाने, तो उलटा ठेवला. त्यांनी पुन्हा फिरवला. मग त्याने हात जोडले.

टॉवरखाली आम्ही सहाजण गोलात उभे राहिलो. कॅप्टनबाईने तिचा दोर, चौथा, माझ्या हातात दिला. दाराकडे गेली आणि वळून म्हणाली, "बसची घाई नाही." मग गेली. तिच्या जागी हुकूम पबवाल्याने द्यायचा होता. इतका धिप्पाड माणूस, पण तो दाराकडेच बघत राहिला. दंतवैद्याने खाकरून आठवण केली तेव्हा कुठे सुरुवात झाली.

मी काय वाजवलं ते मला आठवत नाही. समोरच्या मास्तरीणबाईंचे हात आठवतात, त्यांच्यामागून मी, माझ्यामागून पोस्टमन. पायऱ्या उतरत होत्या, पुन्हा वर जात होत्या, पुन्हा उतरत होत्या. मध्ये एकदा मी अडखळले. पोस्टमन नुसता "हं" म्हणाला आणि मी परत पायरीवर आले. शेवट जवळ आला तेव्हा अंगातली आरती उसळ्या मारत होती. मी जीभ दातांत धरली. पबवाल्याने थांबा म्हटलं आणि सहाच्या सहा एकदम गप्प झाल्या.

कुणी कुणाकडे बघेना. आम्ही बाहेर धावलो.

आवाराच्या भिंतीवर कॅप्टनबाई बसली होती, शेजारी सासूबाई, नऊवारीवर माझ्या नवऱ्याचा कोट घालून. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी एकाच रुमालाला डोळे पुसत होत्या. आजूबाजूला सगळी गल्ली गोळा झालेली, बारा नंबरचा म्हाताराही.

"कशा होत्या?" पबवाल्याने विचारलं.

कॅप्टनबाईने नाक पुसलं. "चौथी मध्ये एकदा घसरली."

"हो," मी म्हटलं.

"मी धरायचे तेव्हाही घसरायची." मग तिने चर्चच्या टॉवरकडे असं पाहिलं, जसं कुणी लेकीकडे बोहल्यावर पाहतं. "लोक खोटं सांगत होते. छान नाही ऐकू येत. कितीतरी जास्त येतं." आणि आम्ही काही बोलणार इतक्यात तिचा नेहमीचा आवाज चढला, "उभे काय राहिलात? पुन्हा वाजवा!"

"प्रार्थनेची वेळ झाली आहे," दारातून व्हिकार म्हणाला.

"देव थांबेल," ती म्हणाली. "तो इथलाच आहे. माझी गाडी उद्याची आहे."

आम्ही परत आत पळालो. व्हिकारने घड्याळ पाहिलं, उसासा टाकला, आणि बाहेर येऊन भिंतीवर सासूबाईंच्या पलीकडे बसला. त्यांनी त्याला सरकून जागा दिली.